साडी नको, उत्तर हवं

नागपूर, १० नोव्हेंबर १९९८

चि. शशिधर,
आशीर्वाद आहेत, पण रागासकट.

काल, ९ नोव्हेंबरला सकाळी अकरा वाजता तुझं पार्सल आलं. तू विकायला काढलेलं उचगावचं घर मी बाजारभावाने मागितलं, त्याचं उत्तर असेल म्हणून घाईने फोडलं, तर आत इरकल साडी!

फोनवर म्हणालास, "अक्का, भणीकडनं घराचं पैसं घ्यायचं व्हय? लोक तोंडात श्याण घालतील की!" परक्याला विकलंस तर हार घालणार आहेत का?

रिटायर झाले, आता आपल्या माणसांत राहायचंय. इथला मालक डिसेंबरात खोली सोडा म्हणतोय, पण त्याची काळजी तू करू नकोस. पोरं बरी आहेत ना?

साडी सुरेख आहे, ठेवून घेतली. पण ३० नोव्हेंबरच्या आत हो की नाही ते लेखी कळव. भाऊ म्हणून नको, घरमालक म्हणून लिही.

अक्का