खारूचा पंथ

१२ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन महिना होऊन गेला आणि उत्तर आज लिहायला घेतलंय. आधी कान पकडते, मग पुढचं वाच. दुकानात श्वास घ्यायला फुरसत नाही. या थंडीत लोकांना एकदम आपापल्या देवांना फ्रेमा करून घ्यायची हुक्की आली आहे. माझ्या भिंतीला निरनिराळ्या घरांचे देव पाठमोरे टेकून उभे आहेत आणि अजून तरी त्यांचं आपसात काही वाजलेलं नाही. वहिनीला सांग, तिने विणलेला स्वेटर झकास बसला, फक्त बाह्या दोन माणसांच्या आहेत.

आता मुद्द्याचं. तुझी चिंगी रविवारी बाळाला घेऊन आली होती. बाळ कपाळाला आठ्या घालून बघतं तेव्हा थेट तुझ्यासारखं दिसतं, छापखान्यात प्रुफं तपासायचास ना, तसं. पण दादा, तुझी नात आता मान धरायला लागली आणि अजून बिननावाची आहे! चिंगीच्या सासरच्यांना त्यांच्या पद्धतीने नाव ठेवायचंय, तुला बाबांच्या, आणि ही ओढाताण नको म्हणून जावई हल्ली कामावरून उशिराच घरी येतो म्हणे. चिंगीने मला गळ घातली आहे की आत्या, नाव तू तुझ्या पद्धतीने ठेव. तिच्या मते माझ्या पद्धतीवर कुणाचीच मालकी नाही, त्यामुळे कुणी हरल्यासारखं होणार नाही. सासरचे तयार झाले. तुला विचारायचं काम तिने माझ्या गळ्यात टाकलं. शेवटी लेक कुणाची!

एप्रिलच्या पहिल्या रविवारी, दुकानामागच्या अंगणात, झाडाखाली करायचं ठरवतोय. तू येशील ना?

लिहिता लिहिता आपली लाँड्री आठवली. दिवेलागणीला बाबा काम थांबवून खिडकीशी उभे राहायचे, हातात माळ, डोळे मिटलेले, आपली प्रार्थना पुटपुटत. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई खाली येऊन स्टुलावर बसायच्या, त्यांच्या धर्मात नुसतं गप्प बसायचं असायचं. आणि आई कुंड्यांपाशी. दिवा एकच, आणि कुणी कुणाला काही विचारायचं नाही हा घरचा कायदा. मी टेबलाखाली चादरींच्या गाठोड्यावर बसून बघायचे. तेवढी शांत जागा मला पुढे कुठे मिळाली नाही.

लगेच उत्तर टाक. तुझा लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
खारू


२० फेब्रुवारी

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. वहिनी म्हणते बाह्या दुमडून घाल, वाढत्या अंगाचा स्वेटर आहे. तुझ्या साठीला आलेल्या अंगाबद्दल तिची काय कल्पना आहे, मी विचारलं नाही.

तुझ्या मुद्द्याचं उत्तर देतो. मी येणार नाही. रागाने लिहीत नाही, सरळ लिहितो.

लहानपणी तू दिसेल ते उचलून खिशात भरायचीस. दगड, पिसं, बिया, कुणाच्या तरी कोटाची बटणं. म्हणून तर मीच तुझं नाव खारू ठेवलं. पण देवाच्या बाबतीतही तू तेच करशील असं वाटलं नव्हतं. सकाळी सूर्याला हात जोडायचे, बाबांची माळ ओढायची, नर्सबाईंसारखं गप्प बसायचं, नवा चंद्र दिसला की झाडाला पाणी घालायचं. चिंगी सांगत होती की अशा निसर्गपूजेला हल्ली पेगन म्हणतात. मला आधी ते खोकल्याचं औषध वाटलं. एक ना धड भाराभर चिंध्या, दुसरं काय?

बाबांनी घरच्यांशी वैर पत्करून आईशी लग्न केलं, पण आपली प्रार्थना एक दिवस चुकवली नाही. ती मी चालवतोय, रोज, शब्दाला शब्द. माझ्यामागे ते कोण करणार याची मला काळजी आहे. निदान नातीच्या कानावर पहिल्यांदा तरी ते शब्द पडावेत एवढीच इच्छा होती. तुला हे हसण्यावारी न्यावंसं वाटेल, पण रात्री मला त्याने झोप लागत नाही.

लाँड्रीची आठवण काढून मला वितळवू नकोस. मलाही ती येते. गरम कपड्यांचा तो वास मला अजून कधीकधी येतो आणि मी उगाच मागे वळून बघतो.

तब्येतीला जप, काचा कापताना चष्मा लाव. माया आहे म्हणूनच एवढं लिहिलं.

तुझा
दादा


५ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

चिंध्या म्हणालास ते मला लागलं नाही. आपल्या घरात चिंध्यांना केवढा मान! त्यांच्याशिवाय इस्त्री पुसली जायची का?

पण एक गोष्ट तुला कधीच सांगितली नाही, ती आज सांगते. तुला वाटतं मी इथून थोडं, तिथून थोडं उचललं. तसं नाही. या सगळ्याच्या मध्ये आई आहे.

बाबांना त्यांची प्रार्थना होती, नर्सबाईंना त्यांचं मौन. आईचं काय होतं? लग्नानंतर तिने माहेरच्या देवाचं नाव घरात कधी काढलं नाही. ना तिच्याकडे पुस्तक, ना माळ. पण बाबांनी डोळे मिटले की ती कुंड्यांपाशी जायची, उजव्या हाताची बोटं मातीत खुपसायची, थोडा वेळ तशीच उभी राहायची. मग मनगट कपाळाला लावायची आणि बोटांवर हळूच फुंकर घालायची. रोज, न चुकता. माती, मग आपण, मग वारा. टेबलाखालून ती मला पाठमोरी दिसायची, चेहरा नाही, हात तेवढा दिसायचा, आणि मला खात्री होती की हीच आईची पूजा. बोलायची बंदी असलेल्या माणसाची.

माझे यजमान गेले त्या वर्षी मी अगदी रिकामी झाले होते. तुझ्याकडे येऊन राहिले होते, आठवतं? परत आल्यावर एका संध्याकाळी सहज कुंडीत बोटं घातली, आणि आईसारखं सगळं केलं. दादा, त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर रडले आणि पहिल्यांदा पोटभर जेवले. बाकी सगळं, तो सूर्य आणि चंद्र आणि माळ, त्याच्याभोवती मग हळूहळू जमत गेलं.

बाळाला मला हे द्यायचंय. आपल्या आईचं. बाबांचे शब्द तू सांभाळलेस, आईचा हात कुणी सांभाळायचा?

वहिनीचे गुडघे कसे आहेत ते लिहिलं नाहीस. तुम्हा दोघांवर माझा जीव आहे हे विसरू नका.

तुझी
खारू


११ मार्च

चि. खारूस,
आशीर्वाद.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. लिहावं की नाही ठरत नव्हतं. पण आयुष्यभर लोकांच्या चुका दुरुस्त करून पोट भरलं, आता बहिणीची चूक दिसत असताना डोळेझाक करता येत नाही.

ती पूजा नव्हती.

मोठ्या इस्त्रीचा काटा बिघडलेला होता. किती तापली ते कळायचं नाही, म्हणून आई बोट ओलं करून तिला टेकवून बघायची. चर्र आवाज झाला की तापली. दिवसभर तेच. संध्याकाळपर्यंत तिची बोटं लालबुंद व्हायची. कुंड्यांना ती मुद्दाम दुपारी पाणी घालायची, म्हणजे संध्याकाळी माती गार आणि ओली मिळे. त्यात बोटं बुडवून उभी राहायची. कपाळाला मनगट लावायची ते घाम पुसायला. फुंकर घालायची कारण आग होत असायची. आणि बाबांचे डोळे मिटल्यावरच करायची, कारण त्यांना कळलं असतं तर त्यांनी तिला इस्त्रीला हात लावू दिला नसता, आणि त्यांना एकट्याला ते काम उरकलं नसतं. तू टेबलाखाली होतीस. मी समोर उभा राहून घड्या घालत होतो, मला तिचा चेहरा दिसायचा.

तू इतकी वर्षं आईच्या भाजलेल्या बोटांची पूजा करते आहेस, खारू. तिला देव होता की नाही, मला माहीत नाही. तिने मलाही कधी सांगितलं नाही.

हे कळवून मला काही मिळालेलं नाही. वहिनी माझ्याशी कालपासून बोलत नाही. तिचे गुडघे बरे आहेत, जीभ मात्र आखडली आहे.

रागव, पण तोडू नकोस.

तुझा
दादा


२७ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण मी रागावले होते. खोटं कशाला बोलू?

पत्र वाचलं त्या संध्याकाळी अंगणात गेलेच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. एका गिऱ्हाइकाची काच मी दोनदा चुकीच्या मापाची कापली. मनात एकच येत होतं, आईकडून मला जे मिळालं असं समजत होते ते तिने दिलेलंच नव्हतं. ते मी टेबलाखाली बसून स्वतःच तयार केलं होतं. आणि त्याहून वाईट हे, की तिची बोटं रोज जळत होती आणि मी ते बघून खूश होत होते. लहान होते, हे माहीत आहे. तरी वाईट वाटतंच.

मग परवा कुंडीपाशी गेले. माती पार सुकून गेली होती. इतकी वर्षं मी त्या कुंडीत नेमाने बोटं खुपसतेय, पण पाणी घालायचं काम शेजारीण करते, आणि ती गावाला गेली आहे! मोठी भक्तीण! मला एकटीलाच हसू फुटलं. भांडं भरून पाणी ओतलं, थोडी थांबले, आणि बोटं आत घातली.

दादा, तू लिहिलंस की मी आईच्या भाजलेल्या बोटांची पूजा करतेय. मग आणखी कशाची करू? तूच सांग. याहून मोठं दुसरं काही माझ्या पाहण्यात नाही.

चिंगीला सगळं खरं सांगितलं. ती बाळाला थोपटत राहिली. मग म्हणाली की आता तर हेच करायचं, आणि बाळाला मोठेपणी कारणही सांगायचं.

ते कारण तुझ्याकडे आहे. मला आईचा फक्त हात आठवतो, चेहरा तुला आठवतो. तू आला नाहीस तर मी नाव ठेवीन, सगळं नीट पार पडेल, फोटोही निघतील. पण त्या घरातलं आता तुझ्यामाझ्याशिवाय कुणी उरलं नाही, आणि मला एकटीला तिथे उभं राहायचं नाही. तुझ्या धर्माला धक्का लागत असेल तर खुर्चीवर बसून राहा, कपाळाला आठ्या घाल, हवं तर चुका काढ. पण ये.

वहिनीला म्हणावं बोल आता त्याच्याशी. त्याने सांगितलं ते बरंच केलं.

वाट बघणारी,
तुझी
खारू


८ एप्रिल

चि. खारूस,
अनेकानेक आशीर्वाद.

आम्ही सुखरूप पोचलो. वहिनी वाटभर बाळाचं नाव घोकत होती, शेजारच्या प्रवाशालाही ते पाठ झालं असेल. जावई भला माणूस आहे. त्याच्या आईने मला दोनदा चहा विचारला आणि दोन्ही वेळा तिसऱ्यालाच दिला, पण ते असो.

तू तिथे होतीसच, तरी लिहितो, कारण तोंडाने मला ते सांगता आलं नाही.

मी खुर्चीवर बसून राहायचं ठरवूनच आलो होतो. तू बाळाची बोटं ओल्या मातीला लावलीस आणि आईच्या हाताची गोष्ट सर्वांना सांगितलीस, तेव्हाही मी बसूनच होतो. मग चिंगीने बाळ माझ्या मांडीवर आणून ठेवलं आणि म्हणाली की आता आजोबांनी त्यांच्या बाबांची प्रार्थना म्हणायची. मला वाटलं तिचंच डोकं असणार. नंतर तिने सांगितलं की आत्याने पहिल्या दिवसापासून ते ठरवून ठेवलं होतं.

म्हणायला लागलो. चाळीस वर्षं रोज म्हणतोय, झोपेत विचारलं तरी चुकणार नाही. पण त्या पोरीने माझ्याकडे आठ्या घालून बघितलं आणि मी अडकलो. पुढचा शब्दच सुचेना. सगळे बघत होते. 

तेव्हा मागून तू पुढची ओळ उचललीस. मला वाटलं एक शब्द सांगून थांबशील. तू शेवटपर्यंत गेलीस. माझी समजूत होती की तू त्यातले दोनचार तुकडे तेवढे घेतले असशील. तुला तर सगळी येत होती. आणि मधे दोन ठिकाणी तू थांबून श्वास घेतलास. पुस्तकात तिथे विराम नाही, मी आजवर तिथे कधी थांबलेलो नाही. बाबा थांबायचे. त्यांना दमा होता ना. मी छापलेलं पाठ केलं आणि तू त्यांना ऐकून पाठ केलंस. बाबा जाऊन इतकी वर्षं झाली, त्यांचा आवाज कसा होता ते मी विसरलो होतो. तुझ्या अंगणात तो मला ऐकू आला.

काल संध्याकाळी घरी प्रार्थनेला उभा राहिलो आणि त्या दोन जागी थांबलो. वहिनीने आतून विचारलं की शब्द विसरलात का. मी नाही म्हणालो आणि पुढे म्हणायला लागलो.

लोभ मागायला आज जरा लाज वाटते. तरी तो असू दे.

तुझा
दादा