खंडेनवमीच्या तारखेची सही

१२ सप्टेंबर, शुक्रवार

दादांनी फोनवर विचारलं, "मान्सं पैसं दिऊन भ्याया कशापायी येत्यात गं?" चार वर्षं मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलेली मी. म्हटलं, मजा असते. म्हणाले, "आमाला फुकाट मिळती ती मजा. घाटात ब्रेक लागंना झाला की." दादा, म्हणजे वडील, टेम्पो चालवतात. स्वतःच हसले नि फोन ठेवला.

आज पार्कातल्या रोलर कोस्टरचा पहिला लाँच. रिकामी गाडी. साखळीनं खडखड करत वर ओढणारं हे यंत्र नाही. सपाट रुळात मोटारी, गाडीच्या पोटाला चुंबक. बटण दाबलं की गाडी फेकली जाते आणि तेवढ्या वेगावर समोरचा उभा चढ चढते. वेग कमी पडला तर उलटी मागे येते. हा बिघाड नव्हे, असं कधीतरी होणार हे धरूनच बांधलंय. त्यासाठी रुळात ब्रेकच्या बारा पट्ट्या आहेत. गाडी सुटताना खाली बसतात, गेली की वर येतात. मागे येणारी गाडी त्यांच्यावरून जाताना चुंबकाच्या ओढीनं मंदावते. पट्टी गाडीला शिवतसुद्धा नाही.

कुणीतरी हजारो मैलांवर बसून, कधी न पाहिलेल्या माणसासाठी एवढा विचार केला. मला भरून आलं. साईट मॅनेजर भोर साहेब म्हणाले, "मॅडम, धूळ गेली का डोळ्यात?"

१७ सप्टेंबर

वारा. टेकडीवरच्या पवनचक्क्या सकाळपासून जोरात. गाडी माथ्यापासून हातभर खाली थांबली आणि मागे आली. बाराही पट्ट्या वर होत्या. स्टेशनात शिरली ती म्हशीसारखी, सावकाश. मी टाळ्या वाजवल्या. एकटीनंच.

वजनाच्या चाचणीसाठी माणसांऐवजी बसवायचे, पाणी भरायचे पुतळे पाठवलेत, त्यातले निम्मे गळतात. नवे मागवा म्हटलं. भो.सा.: "मागवू, मागवू." मग वाळूची पोती भरा म्हटलं. "तेही करू. तुम्ही तपासणीचे तक्ते भरा. अक्षर छान आहे तुमचं."

सगळी साईट हसली. कंट्रोल पॅनेलवरचे बबनमामासुद्धा. मामांनी नंतर डब्यातली शेंगाची चटणी दिली. त्यांचं असंच असतं.

२२ सप्टेंबर, घटस्थापना

बागेच्या कामावर पाथर्डीकडची माणसं आलीत. त्यातली सुमन माझ्याच वयाची, तीन पोरं. जेवताना शेजारी बसली. दिवाळीआधी ऊसतोडीला जाणार, नवराबायको मिळून एक कोयता. तो तोडतो, ही मोळ्या बांधते, डोक्यावरून ट्रॅक्टरपर्यंत नेते.

"तुमी बसल्या का ताई त्याच्यात?"

नाही अजून. सगळ्या चाचण्या झाल्या की पहिली मीच बसणार.

"म्हंजी अजून भरवसा न्हाई व्हय तुमचा?" आणि पदर तोंडाला लावून अशी हसली.

बरोबर बोलली. भरवसा नुसता वाटून चालत नाही, मोजून घ्यावा लागतो.

२६ सप्टें.

गावी, काष्टीला, बाजारतळावर माझा फ्लेक्स लावलाय. दादांनी फोटो पाठवला. 'तालुक्याची शान, सेफ्टी इंजिनिअर.' फोटो बारावीतला. खाली सौजन्य म्हणून अकरा जणांचे चेहरे, त्यातल्या नऊ जणांना मी ओळखत नाही. उरलेल्या दोघांनी मी अ‍ॅडमिशन घेतली तेव्हा दादांना वेड्यात काढलं होतं.

३० सप्टेंबर, मंगळवार

उद्या खंडेनवमी. पाने, स्क्रू-ड्रायव्हर, वेल्डिंगचं मशीन, सगळं धुऊन पुसून पाटावर मांडलं जाणार. एकदा पूजा झाली की दसऱ्यापर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, यंत्र चालवायचं नाही. आमच्याकडे टेम्पोचंही तसंच. लहानपणापासून आवडतो हा दिवस. वर्षातून एकदा लोखंडाला सुट्टी.

भो.सा. म्हणाले, उद्याचा तक्ता आजच भरून ठेवा, फाईलमध्ये तारीख रिकामी दिसायला नको. मी म्हटलं, यंत्र बंद तर तपासणी कसली? 'बंद' असं लिहिते.

"बंद लिहिलं की वरचे विचारतात का बंद. दोन दिवसांवर उद्घाटन. घरी जायचंय ना पूजेला?"

घरी जायचं होतं.

बारा पट्ट्या, बारा खुणा. सेन्सर ठीक. खाली सही. चालणारच नाही ते यंत्र, मग काय बिघडतं.

१ ऑक्टो.

टेम्पोला हार घातला. आईनं पुरणपोळी केली होती. चारच्या सुमारास बबनमामांचा फोन. आधी नुसताच रडण्याचा आवाज.

२ ऑक्टोबर, दसरा

मामांनी सांगितलं तसं लिहून ठेवते. मागाहून सगळे वेगळं सांगतील.

पूजा अकराला झाली. मामांनी झेंडूचे हार केले होते. पॅनेलला घातले, गाडीला घातले. मग रुळात उतरून ब्रेकच्या पट्ट्यांनाही, चार-चार पट्ट्यांना मिळून एक लांब हार. दोरा नायलॉनचा. "म्हनलं, जीव वाचवनारं हेच तर हाय. ह्याला कसं इसरायचं."

दुपारी व्हिडिओवाला आला. उद्घाटनाची रील हवी होती. भो.सा.नी ठरवलं, एक फेरी मारू. पोती भरू का, मामांनी विचारलं. भो.सा.: "पोती ओरडत नाहीत बबनराव." बागेतल्या बायकांना पार्कचे टी-शर्ट दिले, साडीवरूनच घालायला. आठ जणी. त्या म्हणे खूश होत्या.

आधी पट्ट्या एकदा खाली-वर करून पाहिल्या. पॅनेलवर चार लाल दिवे, म्हणजे चार पट्ट्या वर येईनात. एक हार बिजागरीत अडकला होता. मामा म्हणाले, दोरा तोडतो, पक्कड घेतो. भो.सा.: "आज हत्यार उचलतोस? पूजा मोडायची का? वारा तरी आहे का बघ." पानही हलत नव्हतं. मामांच्या हातात किल्ली. लाल दिवे असले तरी गाडी सोडता येते, त्यासाठीची, फक्त दुरुस्तीच्या वेळची किल्ली. त्यांनी फिरवली.

पक्कड उचलायला घाबरला माणूस. किल्ली फिरवायला नाही घाबरला.

आणि त्याच दिवशी यंत्र चालवायचं नाही, हे कुणालाच आठवलं नाही.

वारा नव्हता तरी गाडी चढली नाही. आठ माणसं कधी मोजलेलीच नव्हती. मागे आली. आठ पट्ट्यांनी धरली, पुढच्या चार खालीच अडकलेल्या. स्टेशनच्या मागच्या आडव्या खांबावर आपटली. माणसांना सीटवर धरणाऱ्या खांद्यावरच्या दांड्या सगळ्या टिकल्या. सात जणींना खरचटलं.

सुमन शेवटच्या सीटवर होती.

४ ऑक्टोबर

रील नाही, दुसराच व्हिडिओ फिरतोय. कुणीतरी मोबाईलवर घेतलेला. बायका ओरडतायत, त्यावर ढोलकी लावलीय. खाली हसणाऱ्या तोंडांच्या रांगा. 'फुकटची ट्रिप.' 'मावशी गेल्या चंद्रावर.' शेवटचं किंचाळणं त्यांनी दोनदा लावलंय, कारण ते मजेशीर वाटतं.

कॉलेजच्या ग्रुपवरही आला. मीच लिहिलं, शेवटी किंचाळते त्या सुमनची तीन बोटं गेलीत. थोड्या वेळानं एकीनं साखरपुड्याचे फोटो टाकले.

६ ऑक्टो.

नगरला दवाखान्यात. उजवा हात कोपरापर्यंत बांधलेला. मी कोण ते तिला आठवलं. "बसा ताई." तिनं मला बसायला सांगितलं.

हात मागं कशाला नेलास, विचारलं. विचारायला नको होतं.

"गाडी मागं याया लागली ना. चढाला ट्राली मागं आली की आमी सगळी मागून हात लावून धरतो. लेकरं धोंडा घालत्यात चाकाखाली. सवय हाय. म्हनलं धरावी."

उसाच्या ट्रॉलीसारखी धरायला गेली. सात जणी पुढे बसलेल्या, आणि ही त्यांना धरायला गेली.

नवरा दाराशी उभा होता. ऊसतोडीचा मुकादम येऊन गेला म्हणाला. दुसरी बाई बघ, नाहीतर तोडीला येऊ नको, असं सांगून गेला. सुमन म्हणाली, "दुसरी बाई म्हंजी बायकू का मजूर, ते नीट इचारून घ्या." ती हसली. तो नाही.

८ ऑक्टोबर

भो.सा.नी बोलावलं. टेबलावर माझा तक्ता, प्लॅस्टिकमध्ये. 'सूचना देऊनही बाईने हात बाहेर काढला', असा अहवाल टाईप करून तयार.

"ब्रेक ठीक होते. तुमचंच अक्षर आहे. म्हणजे चूक कुणाची उरली?"

मी म्हटलं, मी त्या दिवशी इथे नव्हते.

"हजेरीवर आहात की. मीच लावली. गरिबाची पोर, पगार कापायला नको म्हणून." मग अगदी मऊ आवाजात, "दादांचा टेम्पो आपल्याच बांधकामाची खडी वाहतोय ना सध्या? त्यांना सांगितलं नाही वाटतं तुम्ही, कुणी काम लावून दिलं ते."

मला माहीत नव्हतं. दादांनाही नसावं. त्यांना वाटत होतं, पोरीच्या नावावर मिळालं.

बाहेर मामा उभे होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "माजं नाव कुटं घिऊ नकोस माय. मी तुला इस्वासानं सांगितलं." नातीला शाळेतून आणायचं होतं, गेले.

११ ऑक्टोबर, काष्टी

सगळं सांगितलं. आई: "तू व्हतीस का तिथं? न्हाई ना? मग?" सही केली होती आई. "सह्या काय, आमी अंगठं कमी दिलं का आजवर? कुनी इचारलं?" मग म्हणाली, डिग्री काढून घेतील का. माहीत नाही म्हटलं. मग ती भांडी आपटत राहिली.

दादा ओसरीवर. तिथूनच म्हणाले, "फलेक्स काडाया सांगू का?"

रागानं नाही. खरंच विचारत होते. त्यापेक्षा मारलं असतं तर...

अहवाल तसाच गेला तर सुमनला काहीच मिळणार नाही, भरपाई नाही, साधी माफीही नाही. चूक तिचीच, तीही माझ्या अक्षरात. खरं लिहिलं तर मी आणि मामा आधी अडकतो. भोर साहेबांची कुठेच सही नाही. ते फक्त बोलले.

१३ ऑक्टोबर, सोमवार

साडेअकराला पोलीस स्टेशनला लेखी दिलं. पहिलं वाक्य: 'एक तारखेच्या तक्त्यावरची सही माझी आहे आणि ती मी यंत्र न तपासता आदल्या दिवशी केली.' ठाणे अंमलदारांनी दोनदा वाचलं. "मॅडम, तक्रार द्यायला आलात का अटक व्हायला?" शेजारचा हसला. मग त्यांनी चहा मागवला आणि मला विचारला नाही.

पोहोच घेतली. एक प्रत कामगार कार्यालयाला रजिस्टर पोस्टानं टाकली. एक सुमनच्या नवऱ्याच्या हातात दिली. त्याला वाचता येत नाही, म्हणून दवाखान्याच्या पॅसेजमध्ये उभं राहून वाचून दाखवली. सगळी. तो म्हणाला, "म्हंजी तिची चूक नव्हती?" नाही म्हटलं. "मग तिला सांगतो," म्हणाला आणि आत गेला.

तिसऱ्या परिच्छेदात बबनमामांचं नाव आहे. त्याशिवाय किल्ली कुणी फिरवली ते सांगता येत नव्हतं. रात्रभर नावाशिवायचं वाक्य शोधलं, सापडलं नाही. त्यांचं पूर्ण नाव लिहिलं, त्यांच्या वडिलांच्या नावासकट.