पहिली बास्केट पडेपर्यंत

कॉर्ली, इंडियाना
२४ फेब्रुवारी

चि. कर्ट,

अनेक आशीर्वाद. रागात असशील तरी घे, परत पाठवू नकोस.

इकडे सगळं ठीक. इकडे म्हणजे काय, तुझ्या घरापासून चार गल्ल्यांवर. एवढ्याशा अंतरासाठी पोस्टाचं तिकीट चिकटवताना माझं मलाच हसू आलं. पण तू फोन उचलत नाहीस, आणि उचललास की मधेच "बरं आई, ठेवतो" म्हणतोस. पत्राला तसं म्हणता येत नाही.

गेल्या आठवड्यातला बर्फ अजून अंगणात आहे. रविवारी चर्चच्या जेवणाला मी चिकन-नूडल्स नेले, खाली कुस्करलेला बटाटा, तुला आवडतात तसे. भांडं चाटूनपुसून परत आलं. मेग पोरींना घेऊन आली होती. तू कुठे आहेस ते मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. सून शहाणी मिळाली आहे मला.

आता खेळाचं. तू आपल्या कॉलेजच्या या बास्केटबॉल संघाचा कोच तीन वर्षांपूर्वी झालास. मी तुझ्या जन्माच्या आधीपासून याच संघासाठी घसा फोडते आहे. तू पोटात होतास तेव्हाही तुझे बाबा आणि मी जिमच्या पूर्वेच्याच बाजूला बसायचो. तेव्हा माझा बोलायचा हक्क काही तुझ्यामुळे आलेला नाही, आणि मी बोलणार.

तो झोन डिफेन्स सोड. पोरं हळू आहेत म्हणून तू त्यांना जागा वाटून दिल्यास, कळतंय मला. पण समोरचा पोरगा कोपऱ्यात एकटा उभा राहून तीन-तीन पॉइंटचे टाकत असतो, आणि आपले पाचही जण दाराची बेल वाजल्यावर कोण उठणार म्हणून घरातले बघतात तसे एकमेकांकडे बघत असतात. फ्री थ्रोंबद्दल तर न बोललेलं बरं. अडवायला कुणी नाही, घाई नाही, रिंग जिथल्या तिथे, आणि तरी चुकतात. ओवेनसारखा धिप्पाड पोरगा लाइनवर गेला की माझ्या शेजारी डेल्बर्ट चक्क डोळे मिटतो. आणि केडन. त्या पोराच्या हातात बॉल द्यायचा आणि एक चूक झाली की लगेच बाहेर ओढायचा. मग ते पोर बॉलकडे बघणार की तुझ्याकडे?

ब्रॅमवेलविरुद्धच्या सामन्याबद्दल लिहायचं मी एवढा वेळ टाळते आहे, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

आपल्या कॉर्लीत सामना सुरू झाला की आपली पहिली बास्केट पडेपर्यंत कुणी बसत नाही. उभं राहायचं आणि टाळ्या वाजवत राहायच्या. चांगल्या दिवसांत हे काम चुटकीसरशी व्हायचं. हल्ली लोकांना टेकायला मिळायची मारामार झाली आहे, पण बसत मात्र कुणी नाही. म्हातारे बसत नाहीत, पायाला प्लास्टर घातलेले बसत नाहीत. त्या दिवशी मी बसले.

मी बसले, मग डेल्बर्ट बसला, मग आमची रांग, मग पूर्वेची अख्खी बाजू. टाळ्या थांबल्या. कोचच्या आईनंच हात टेकले असं लोकांनी धरलं, आणि कुणीतरी ते फोनवर टिपून गावभर केलं. दुकानात अंडी घ्यायला गेले तर एका मुलीला माझ्याबरोबर फोटो हवा होता. आपल्या पास्टरनी मला सबब पुरवून बघितली; म्हणाले, गुडघे दुखत असतील तुझे, लोरीन. मी म्हटलं, माझे गुडघे तुमच्यापेक्षा बरे आहेत.

आता डेल्बर्टनं शर्ट छापून घेतलेत. खुर्चीत बसलेली एक बाई, आणि खाली 'आईसुद्धा बसली'. शनिवारी घरचा शेवटचा सामना आहे, तेव्हा पूर्वेची सगळी बाजू हे शर्ट घालून पहिल्यापासून बसूनच राहणार, म्हणजे कॉलेजचे क्रीडाप्रमुख फेनिमोर साहेब यांना लोकांचं मत कळेल आणि ते तुला काढतील. मलाही एक शर्ट आणून दिला, वर माप विचारलं. मी म्हटलं, "डेल्बर्ट, तुझं धान्याचं कोठार कसं चालवायचं ते सांगायला मी कधी आले होते का?"

"लोरीन," तो म्हणाला, "सुरुवात तूच केलीस."

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते त्याला द्यायचं नव्हतं, तुला द्यायचं होतं.

तर ऐक. तू बसलास म्हणून मी बसले.

तू कोच झाल्यापासून सामना चालू असताना टेकलेलं मी तुला एकदाही पाहिलं नाही. टाय सुटलेला, हाताची घडी, रेषेच्या कडेनं येरझारा. त्या दिवशी केडननं बॉल सरळ ब्रॅमवेलच्या पोराच्या हातात दिला आणि तू ओरडला नाहीस. टाइमआउट घेतला नाहीस. वळलास, बाकाच्या टोकाला जाऊन बसलास आणि बुटांकडे बघत राहिलास. सगळं जिम उभं आणि तू बसलेला. इतरांना ते दिसलं नाही, ते बॉल बघत होते. मी तुला बघत होते. मला इतका राग आला ना, कर्ट, की मी खालीच बसले. ज्याच्यासाठी उभं राहायचं तोच बसला, मग मी टाळ्या कुणासाठी पिटायच्या?

आणि तू का बसलास तेही मला कळलंय. त्यांनी तुला काढावं म्हणून तू वाट बघतो आहेस. 'मी सोडलं' हे मला सांगायला तुला जड जातंय. 'त्यांनी काढलं' हे सोपं. मग मी फेनिमोरच्या नावानं खडे फोडीन, तुझ्याकडे नूडल्स घेऊन येईन, आणि तू सुटशील. तुझी ही युक्ती मला पियानोपासून ठाऊक आहे. तू पियानो सोडला नाहीस, इतका वाईट वाजवलास की बाईंनीच तुला घरी पाठवलं. तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास म्हणून मी गप्प बसले.

या वेळी गप्प बसणार नाही. तू हरलास तर हर. हा संघ हरल्यावरही पोटभर जेवायची सवय मला फार जुनी आहे. पण मनातून निघून जायचं आणि दुसऱ्यानं धक्का मारेपर्यंत दारात उभं राहायचं, हे मला चालणार नाही. त्या पोरांनाही चालू नये; त्यांना अजून एक सामना खेळायचा आहे आणि त्यांना कोच लागतो. राहायचं असेल तर राहा आणि लढ. जायचं असेल तर स्वतःच्या तोंडानं सांगून जा. मला विचारशील तर तू राहावंस असंच मला वाटतं, खोटं कशाला बोलू? पण ते तू ठरवायचं.

शनिवारी मी येते आहे. शर्ट घालणार नाही, माझा स्वेटर घालीन. आणि आपली पहिली बास्केट पडेपर्यंत उभी असेन, मग ती मध्यंतरानंतर का पडेना.

तुझी, अजून दमलेली नसलेली,
आई

*

कॉर्ली
३ मार्च

ती. आईस,

कर्टचा नमस्कार. चार गल्ल्यांवरून मीही तिकीट लावतो आहे. तुझं पत्र मेगनं माझ्या खांद्यावरून वाचलं. पियानोच्या ओळीपाशी ती इतकी हसली की पोरी धावत आल्या.

शनिवारी काय झालं ते तू पाहिलंस, पण खाली कोर्टावर काय झालं ते तुला माहीत नाही. झोन सोडला, हे दिसलंच असेल. सामन्याआधी केडनला बाजूला घेतलं आणि सांगितलं की चुकलास तरी आज मी तुला बाहेर काढणार नाही, फक्त माझ्याकडे बघायचं नाही. त्यानं दोनदा खात्री करून घेतली. मग तो पहिले दोन बॉल घालवून बसला. मी दातओठ खाल्ले, पण काढलं नाही.

सामन्यानंतर डेल्बर्ट पार्किंगमध्ये भेटला. शर्टावर कोट, आणि कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. तो म्हणाला, "बाजूची सगळी माणसं खाली बसलेली आणि मधे एकटी लोरीन टाळ्या वाजवतेय. मला बसवेना रे. मी उठलो, मग एकेक जण उठला." मग त्यानं विचारलं, तुला दिसलं ना?

आई, मला नाही दिसलं. तू उभी असशील हे मला ठाऊक होतं, तू तसं लिहिलं होतंस. पण मी वर बघितलंच नाही. मी खेळ बघत होतो. किती महिन्यांनी मी नुसता खेळ बघितला, आणि ओवेनचे दोन्ही फ्री थ्रो पडून आपण जिंकलो तेव्हा मी असा ओरडलो की माझा आवाज अजून बसलेला आहे.

सोमवारी फेनिमोर साहेबांनी बोलावलं. शर्टांचा विषयसुद्धा काढला नाही. पोरं तुझ्यासाठी खेळतात हे दिसलं, आणखी दोन वर्षं राहा, म्हणाले. मी नाही म्हणालो. त्यांच्यासमोर, उभा राहून.

इथे कॉलेजात माझा बहुतेक वेळ फोनवर जातो. नव्या पोरांना या म्हणून विनवायचं, असलेल्यांना दुसऱ्या कॉलेजात जाऊ नका म्हणून विनवायचं. वसंतात निम्मी पोरं तरीही जातात. जिममध्ये पोचेपर्यंत मी संपलेला असतो. रिजवे हायस्कूलला इतिहास शिकवायला माणूस हवा आहे आणि संघालाही कोच हवा आहे. तिथली पोरं दुपारी माझ्या वर्गात असतील आणि संध्याकाळी जिममध्ये. मला तेच येतं आणि मला तेच आवडतं.

आई, मी सोडलं. त्यांनी काढलं नाही. पेपरात येण्याआधी, मेगनंतर, फक्त तुला सांगतो आहे. तुला समोर येऊनच सांगणार होतो. काल दारापर्यंत आलो होतो. तू आत रेडिओवरच्या त्या समालोचकाला फैलावर घेत होतीस. माझी हिंमत झाली नाही.

तुझा,
कर्ट

*

कॉर्ली
५ मार्च

चि. कर्ट,

पत्र पोचलं. फेनिमोरसमोर उभा राहिलास आणि माझ्या दारातून परत गेलास. असू दे, त्यात मला माझा मानच दिसतो.

वाचून मी स्वयंपाकघरात बसून रडले, चांगली पोटभर रडले. शनिवारच्या विजयानंतर मला वाटलं होतं, आता हा राहणार. लोकांना काय काय ऐकवायचं तेही मनात ठरवून ठेवलं होतं. ते सगळं वाया गेलं. तू जातोस याचं मला वाईट वाटतंय, आणि तू स्वतः सांगून गेलास याचा अभिमान वाटतोय. एकानं दुसरं काही कमी होत नाही. तसंच राहू दे.

डेल्बर्टला मी सांगितलं. तो म्हणाला की निदान पुढचं वर्ष तरी थांबायचं होतं, आता कुठे पोरं खेळायला लागली होती. घ्या. कालपर्यंत हाच शर्ट वाटत होता.

आता नवा कोच येईल. तोही झोन खेळवील आणि मीही ओरडेन, त्यात बदल नाही. पण त्याची आई कधी सामन्याला आली तर मी तिला माझ्या शेजारी बसवून घेणार आहे. त्या बाकांवर बसून तिच्या कानावर काय काय पडेल ते मला माहीत आहे. डेल्बर्टला बजावलं आहे, तो पलीकडे सरकेल.

तुला एक कधी सांगितलं नाही. ही तीन वर्षं आपण हरलो की मला आधी संघाचा राग यायचा आणि मग आठवायचं, की ज्याला शिव्या द्यायच्या तो माझाच मुलगा. मनासारखं चिडता आलं नाही आणि मनासारखी मायाही करता आली नाही. आता दोन्ही करीन. कॉर्लीवर हवी तेवढी चिडेन, आणि तू शुक्रवारी जेवायला ये. रिजवेच्या त्या खुराड्याएवढ्या जिममध्ये मी येईन तेव्हा मला स्कोअर विचारू नकोस, माझं लक्ष नसेल.

तुझी, आता नुसतीच,
आई