अण्णांनी थांबवलेला काटा

सोलापूर,
४ फेब्रुवारी १९७६

ती. कमलम्मा वहिनी,
शरणु शरणार्थी.

काल तुम्ही मैंदर्गीहून आलात, तेव्हा मला सांगता आलं नाही, म्हणून आज लिहितोय.

जुनी, भारी, स्टॉपवॉचवाली मनगटी घड्याळं जमवायचा माझा नाद तुम्हाला ठाऊक आहे. अण्णांचं स्विस घड्याळ मी धाकटा भाऊ म्हणून कितीदा मागितलं, त्यांनी दिलं नाही. शेवटच्या दुपारी खाटेवर पडून, तुम्ही एक भाकरी किती वेळात थापता ते अण्णांनी त्यावर मोजलं, काटा थांबवला आणि हसले. संध्याकाळी ते गेले. पाच वर्षं त्या काट्याला तुम्ही कुणाला हात लावू दिला नाहीत. मग घरातल्या ओलीनं गंजेल म्हणून विश्वासानं माझ्याकडे पाठवलंत.

घड्याळ हातात आलं, की खालचं बटण दाबून काटा शून्यावर येतो का ते मी आधी बघतो. तुमचंही सवयीनं दाबलं. काटा झपकन बारावर आला आणि माझ्या तोंडून 'वा' निघालं. मी काय केलं ते त्यानंतर कळलं. आधी तो चाळीस सेकंदांवर होता की पंचेचाळीसवर, काही केल्या आठवेना. शेवटी चावी दिली, काटा चालू केला आणि अंदाजानं बेचाळीसवर थांबवला.

काल तुम्ही चष्मा लावून बराच वेळ बघितलंत. "हितंच हुता की, भावजी," म्हणालात आणि घड्याळ माझ्याच हातात परत दिलंत.

पाच वर्षं रोज बघितलेला काटा तुम्ही कसा विसराल?

हे पत्र टाकलं, तर तुमचं ते वाक्य मीच खोटं पाडीन.

तुमचा दीर,
शंकरप्पा