निळ्या गाडीवरचा हार

२३ सप्टेंबर २००६, शनिवार
घट बसले. आपल्याकडे नाहीत, वर्ष व्हायचंय.
शाळेचं ऑफिस दुपारी बंद झालं आणि नेहमीसारखी काशीमीऱ्याला गेले. पो. स्टे.च्या मागे जप्त गाड्यांचा ढीग, त्यात भिंतीला टेकलेली मिलिंदची निळी स्कूटर. चोरांनी नंबरप्लेट काढून फेकली, पण मला प्लेट कशाला हवी? डाव्या अंगाचा पोचा ओळखीचा आहे. फडक्याने पुसली. सीटवर हात ठेवून आठवड्याच्या बातम्या दिल्या. मोठ्या बाई रिटायर होतायत. तुझी आई फोनवर अजून रडते. मी नाही रडत, मला ऑफिस आहे.
साळवी हवालदार म्हणाले, "वहिनी, खुर्ची आणू का?" नको म्हटलं. उद्या म्हणतील चहा घ्या, परवा म्हणतील इथेच राहा.
सगळ्यांना वाटतं मी केससाठी जाते. केस ठाण्याच्या कोर्टात पडलीय. मी मिलिंदकडे जाते. मेमध्ये गाडीसाठी त्याला हायवेवर भोसकलं, अस्थी खाडीत सोडल्या. मग भेटायचं कुठे माणसाने?

२७ सप्टें.
ज्यांचं माणूस असं मारलं गेलं त्यांना मदत करतात, अशी एक संस्था कळली. गेले. समोर नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली मुलगी, टेबलावर रुमालांचा डबा. "मनात ठेवू नका, कुणाशी तरी बोला." म्हटलं, बोलते की, दर शनिवारी, स्कूटरशी. तिने ते लिहून घेतलं. पोरगी चांगली आहे. पण तिच्या घरी सगळे जिवंत असणार.

२ ऑक्टो., दसरा
सासूबाईंनी सकाळीच बजावलं, सण करायचा नाही. सण कोण करतंय? गाडीला हार घालायचाय फक्त. मिलिंद दर दसऱ्याला गाडी धुवायचा, झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. मग मला मागे बसवून डोंगरीपर्यंत चक्कर. परत येताना दर वर्षी तेच, "बघ, कशी पळते!" पळत वगैरे काही नव्हती, खोकत होती.
हार घातला. लिंबू नाही ठेवलं, गाडी कुठे जाणारेय. वाटलं पोलीस हसतील. कुणी हसलं नाही. साळवींनी टोपी काढली.
तुझ्या पाठीला गाल टेकून बसायचंय. एकदाच. डोंगरीपर्यंतसुद्धा नको, नाक्यापर्यंत चालेल.

७ ऑक्टो.
हार गायब! आवारात बकऱ्या फिरतात, त्यांनीच खाल्ला असणार. मेल्या.

१२ ऑक्टो.
ठाणे. पुढची तारीख, दुसरं काय.
बाकावर लाल चौकड्यांच्या लुगड्यातली म्हातारी बसली होती. तिनेच विचारलं, "तू मिलिंदची बायको काय?" ही उत्तनजवळच्या चौक गावची फिलूमावशी. त्याच टोळीने मिलिंदच्या आधी तिच्या मेल्विनला मारलं, त्याचीही स्कूटर नेली. पेपरांत त्याचं नाव वाचलं होतं. त्या नावाला आई असेल हे काही डोक्यात आलं नव्हतं.
डबा उघडला, तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. "खा. कोर्टात उपाशी बसायचं नाय." किती महिन्यांनी चव लागली जिभेला.
मग हळूच म्हणाली, "एक सांगू? दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चौकीत गेले. तर माझ्या मेल्विनच्या गाडीवर झेंडूचा हार! आमच्यात कोन घालील? कुनी हिंदू पोरगी असंल त्याची. मला बोलला न्हाय, मी ओरडंन म्हनून." डोळे भरले होते, पण हसत होती. "सत्तावीस वर्षांचा पोर. मला वाटायचं, कुनाचं प्रेम न मिळताच गेला."
मलाही भरून आलं. म्हटलं, शोधू या तिला, मावशी.
सरकारी वकील सांगत होते, अर्ज केला तर गाड्या घरी नेता येतात, कोर्ट बोलावेल तेव्हा हजर करायच्या. मी करणार. मावशी म्हणाली, माझी राहू दे तिथंच. "गाडी नेली, तर ती पोरगी येईल कुठं?"

२ नोव्हें.
मावशीने चौकला बोलावलं. त्यांचा मेलेल्यांचा दिवस. सगळी थडगी धुतलेली, फुलं, मेणबत्त्या. लोक तिथेच बसून गप्पा मारतायत. हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.
मावशीने मेल्विनपाशी दोन मेणबत्त्या लावल्या. "ही माझ्या पोराची. ही तुझ्या मानसाची. त्याला घर न्हाय ना इथं? मग राहील माझ्या पोरासोबत."
रडले. मे महिन्यापासूनचं सगळं रडले. मावशी पाठीवर हात फिरवत होती आणि मान वळवून येणाऱ्या प्रत्येक तरुण मुलीकडे बघत होती.

१८ नोव्हें., शनिवार
गाडी सोडायची ऑर्डर घेऊन गेले. साळवी कागद आणि पेन्सिल घेऊन खाली बसले, चासी नंबर घासून कागदावर उमटवला, ऑर्डरशी ताडला. पुन्हा ताडला.
"वहिनी, ही तुमची नाही. ही त्या उत्तनच्या मुलाची. तुमची ती मागची, टेम्पोखालची."
तीही निळीच. प्लेट नाही. पोचा उजवीकडे. म्हणजे पोचा उजवीकडे होता! दहा वर्षं त्याच्या मागे बसले आणि डावं-उजवं कळलं नाही मला.
हार मीच घातला होता. मावशीच्या पोराला. बकऱ्या बिचाऱ्या.

१९ नोव्हें.
गाडी खाली बिल्डिंगमध्ये उभी आहे. काल संध्याकाळी जाऊन बसले. बोलायला तोंड उघडलं तर काही सुचेना. सगळं त्या दुसऱ्या गाडीला सांगून झालंय. गॅसचं, शाळेचं, आईंचं. मिलिंद, तुझ्या शर्टाचंही, जो मी अजून धुतला नाहीये.
मावशीला सांगायला हवं. साळवींना म्हटलं, तुम्ही काही बोलू नका, मीच सांगते. कसं सांगू?

२५ डिसें.
सांगायचं ठरवूनच चौकला गेले होते. बसमध्ये वाक्यं पाठ केली. "मावशी, रागावू नका, माझी चूक झाली."
दारातच मिठी. मेल्विनचा फोटो, त्याला तोच हार, सुकून काळा पडलेला. टेबलावर फराळाचा वेगळा डबा बांधून ठेवलेला. म्हणाली, "तिच्यासाठी. आली तर."
मी विचारलं, नाहीच भेटली तर?
"न्हाय भेटली तर न्हाय. कुनी तरी होती, एवढं पुरं हाय मला."
पाठ केलेलं सगळं गिळलं. केक खाल्ला. चांगला होता.

१६ जाने. २००७
बिल्डिंगमध्ये हळदीकुंकू. मला बोलावणं नाही, अर्थातच. मावशीला फोनवर सहज बोलले, तर बाई दुपारी दारात हजर, पिशवीत ओले बोंबील. "त्यांचं कुंकू ऱ्हाऊ दे त्यांना. चल, तवा ठेव." पोट दुखेस्तोवर हसलो. या बाईला मी फसवतेय.

मे
वर्षश्राद्ध झालं. मावशी मागे बसून होती. सासूबाईंनी विचारलं, ही कोण? म्हटलं, माझी आहे.
संस्थेतल्या त्या मुलीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "खरं सांगितल्याने कुणाचं बरं होईल? त्यांचं की तुमचं?" वयाने लहान आहे म्हणून मी काहीबाही लिहिलं होतं तिच्याबद्दल. ते मागे घेते.

२० ऑक्टो. २००७
उद्या दसरा. सकाळीच मावशीचा फोन.
"यंदा ती येनार. मी पहाटेपासून चौकीत जाऊन बसते, साळवींना सांगून ठेवलंय. तिला काय विचारनार न्हाय मी, रडवनार न्हाय. नुसती बघनार. तू ये सोबत, माझ्या एकटीच्यानं व्हायचं न्हाय."
येते म्हटलं.
फुलवालीकडून हार आणले. एक मिलिंदच्या गाडीला, खाली जाऊन घातलाही. दुसरा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलाय. वर्षभर विचार केला, खरं काय ते बघितलं. पाच महिने दर शनिवारी त्या पोराची गाडी पुसली. तिच्याजवळ बसून जे बोलले ते आईशीसुद्धा कधी बोलले नाही. चुकून केलं, हे कबूल. पण केलं तर मीच ना?
मावशी गेटकडे डोळे लावून बसेल. हार घेऊन आत येणारी बाई तिला दिसेल, आणि ती मीच असेन.
सकाळी सहाची बस धरायची आहे.