चौघांच्या भांडणाचे साक्षीदार

सर, तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, तरी काल मीटिंगमधून घरी आल्यावर हे सगळं सांगावं असं दुसरं कुणी डोळ्यांपुढं आलं नाही. पुढच्या वर्षी मी निवृत्त होईन. हल्ली जिना चढून विभागात पोचेपर्यंत थकवा येतो, आणि तो गुडघ्यांचाच आहे असंही नाही.

काल माझ्या एका विद्यार्थिनीचा पीएच.डी.चा विषय समितीपुढं होता. मुलगी सोलापूरच्या पूर्व भागातली, वडील टॉवेलच्या कारखान्यात. घरात तेलुगू बोलते, माझ्याशी मराठी, आणि वाचते सगळं इंग्रजी. तिचा विषय ऐकून तुम्ही हसला असता. विलायतेतला तो चौघांचा बँड, साऱ्या जगानं डोक्यावर घेतलेला आणि मग फुटलेला. त्याच्यावर आजवर जी पुस्तकं निघाली त्यांतलं काय खरं मानायचं, किती मानायचं आणि कशावरून, हे तिला लिहायचं होतं. विषय तिचा तिनंच आणला. मी फक्त हो म्हणाले, कारण तो ऐकताना मला तुमचं स्वयंपाकघर दिसलं.

एम.ए.ला तुम्ही आम्हाला इतिहासाची साधनं शिकवत होता. भावाकडं त्या बँडच्या कॅसेटी होत्या, एक जाडं इंग्रजी पुस्तकही होतं, आणि मला वर्गात ते मिरवायची हौस. मी उभी राहून सांगितलं की चौघांतल्या एकाची बायको रेकॉर्डिंगला येऊन बसायला लागली आणि तिच्यामुळं बँड फुटला. तुम्ही बँडचं नावही ऐकलं नव्हतं. खडू खाली ठेवून विचारलंत, "लिहिणारा तिथं होता का?" नव्हता, म्हणाले. "मग त्याला सांगितलं कुणी? आणि सांगणाऱ्याचं कुणाशी बिनसलं होतं?" वर्ग हसला. माझे कान तापले, मी खाली बसले. तास संपल्यावर तुम्ही मला थांबवलंत. आता रागावणार असं वाटलं, तर म्हणालात, ते पुस्तक रविवारी घरी घेऊन ये, आणखी मिळतील तीही आण.

तुमच्या बाहेरच्या खोलीत पत्र्याची धग असायची, म्हणून आपण आत बसायचो. काकू चुलीपाशी भाकरी थापतायत, तुम्ही भिंतीला टेकून मांडीवर शब्दकोश घेतलाय, आणि मी पुस्तकं पुढं करतेय. पहिलं पुस्तक बँड जोरात असताना लिहिलेलं. छापण्याआधी ते चौघांना दाखवलेलं होतं, प्रस्तावनेतच तसं म्हटलंय. तुम्ही म्हणता, मग यात काय नाही ते बघ, जे आहे ते त्यांना चालणारंच असणार. दुसऱ्यात एकाची लांबलचक मुलाखत, फूट पडल्यावर लगेच दिलेली. तुम्ही म्हणता, राग खरा आहे, पण रागाच्या भरात सांगितलेली हकिगत खरी असेलच असं नाही. तिसरं पुस्तक त्यांच्यातला एक जण गेल्यानंतरचं. त्यात गेलेला देव झालेला आणि मागं राहिलेला त्याचा जोडीदार हिशेबी. त्याची तुम्ही नुसती पानं चाळलीत. गाणी कशी होती हे तुम्ही तोवर विचारलंही नव्हतं.

मग मी म्हणाले, सर, पण फूट पडल्यानंतर लिहिणारे तर सगळेच बायकोबद्दल एक सांगतात. तुम्ही पुस्तक मिटलंत. वर्गातली भाषा गेली आणि गावची, मंगळवेढ्याची आली. "आमच्या भावाभावांची वाटणी झाली तवा सगळ्या गावानं हिचंच नाव घेतलं. आजबी घेत्यात. ही तर तवा म्हायेरी हुती, बाळंतपणाला."

काकूंनी वळून पाहिलं नाही. तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "आता कशाला काढायचं ते." पण त्यांचा आवाज वेगळा लागला. सगळे एक सांगतात म्हणजे सगळ्यांनी एकाकडूनच ऐकलेलं असू शकतं, हे नंतर मी वर्गावर्गात शिकवलं. शिकले मात्र त्या दुपारी, काकूंच्या पाठीकडं बघून.

काल त्या मुलीनं फार चांगलं मांडलं. शेवटच्या दिवसांतलं बरंच चित्रीकरण आता लोकांसमोर आलंय. त्यात ते चौघं भांडतात तसे हसतातही, चहा पितात, आणि ती बायको कोपऱ्यात शांत बसलेली असते. म्हणून जुनी पुस्तकं खोटी आणि हे खरं, असंही तिनं म्हटलं नाही. हेही कुणीतरी कापून जोडलंय, म्हणाली, त्यामुळं याचीही तपासणी करायलाच हवी. मला वाटलं, तुम्ही असायला हवं होतं.

समितीचे अध्यक्ष तुमचेच विद्यार्थी, माझ्या दोन वर्षं मागं होते. त्यांनी शांतपणे सांगितलं की विषय आपल्या भागाशी जोडा, शीर्षकात सोलापूर आणा, लगेच मंजूर करतो. मी बोलले. साधनं कशी पारखायची हाच विषय आहे, बँड कुठला का असेना, म्हणाले. तुमचं नावही घेतलं. ते म्हणाले, "मॅडम, सरांचा काळ वेगळा होता." मग सगळे त्या मुलीकडं बघायला लागले. तिनं होकार दिला असता तर मला वाईट वाटलं नसतं, खरंच. मीच असल्या किती शीर्षकांखाली सह्या केल्यात. ती म्हणाली, "सर, तो बँड सोलापूरला कधी आलाच नाही. नसलेलं मी कसं लिहू?"

विषय नामंजूर होऊन परत आला. बाहेर व्हरांड्यात ती रडली नाही. टेंभुर्णीच्या एका शाळेत जागा आहे, ती घेते, म्हणाली, आणि याच विषयासाठी पुण्यात विचारून बघते. शिफारस मी देईन म्हटलं. मग ती एसटीची वेळ बघायला गेली आणि मी रिक्षात बसले.

एक सांगायचं राहिलं. दरवर्षी मुलांना मी सांगते की शेवटच्या रविवारी तुम्ही त्या बँडचं एक गाणं ऐकायला मागितलंत, डोळे मिटून ऐकलंत आणि म्हणालात, लई गोड हाय की गं. काल रिक्षात पहिल्यांदाच मनात आलं, टेपरेकॉर्डर कुठून आला असेल? भाऊ तर त्याला हात लावू द्यायचा नाही, तुमच्याकडं नव्हता. विचारायला काकूही नाहीत. साक्षीदार मी एकटीच, आणि माझा तुमच्यावर जीव. तुम्ही असता तर हे पुराव्यातून काढून टाकलं असतंत. मी मात्र, सर, येत्या वर्षीच्या वर्गातही ते सांगणार आहे.