पथ्याची पाटी

नाना, मुलं तुमच्या गोळ्यांनी शांत व्हायची, की तुम्ही त्यांच्या आयांना पोटभर बोलू द्यायचात म्हणून? मला याचं उत्तर देता येत नाही. होमिओपॅथीची पदवी घेतली, धुळ्यात दवाखाना थाटला, तुमच्याच पद्धतीनं तो चालवला, तरी येत नाही. तुम्ही असतात तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असतात, ‘‘आधी पेशंट बघ, प्रश्न मागून.’’ तसंच करत आले. आता मात्र थकले आहे. हात चालतात, बोलणंही चालतं, पण संध्याकाळी दवाखान्याचं शटर ओढताना खांद्यावर दिवसभराच्या सगळ्या आया बसल्यासारख्या वाटतात.

तुमचा जळगावचा दवाखाना म्हणजे घराचीच पुढची खोली. मी असोद्याहून सकाळच्या एसटीनं तुमच्या हाताखाली शिकायला यायचे. आमच्या घरातली पहिली शिकलेली मुलगी, म्हणून आबा अख्ख्या गल्लीत मिरवायचे आणि घरात मात्र टोमणे मारायचे, ‘‘साखरेच्या गोया वाटाले इतकं शिकली का वं?’’ मला त्याचा राग यायचा, कारण मला खरंच वाटायचं की आपण जग बदलायला निघालो आहोत. तुमच्याकडे येणाऱ्यांत एका जागी न ठरणारी मुलं फार. शाळेनं घरी पाठवलेली, बाकावर न बसणारी, ऐकलेलं दुसऱ्या क्षणी विसरणारी. लोक त्यांना वांड म्हणायचे. तुम्ही कधी म्हणाला नाहीत. मूल आलं की तुम्ही त्याच्यासमोर रिकाम्या बाटल्यांचं खोकं ठेवायचात, ‘‘लाव बरं उंचीप्रमाणे,’’ आणि आईकडे वळायचात. कोणत्या कुशीवर झोपतो? झोपेत घाम कुठे येतो, डोक्याला की पायाला? वाऱ्याला भितो का? पोटात असताना तुला कसली धास्ती होती का?

एक बाई अजून दिसते मला. केळीच्या बागेतून तशीच आलेली, लुगड्यावर चिकाचे काळे डाग. तुम्ही विचारत जाता, ती सांगत जाते, आणि मधेच तोंडाला पदर लावते. ‘‘नाना, मले इतकं कोनी इचारलंच न्हाई ओ आजलोक.’’ तिचा मुलगा, जो आल्या आल्या वजनकाट्यावर चढून नाचला होता, तो बाटल्या टाकून तिच्या मांडीला टेकून बसला आहे. अजून औषधाची बाटली उघडलेलीही नाही. तो शांत झाला तेव्हा गोळ्या कपाटातच होत्या, हे मी तेव्हा पाहिलं होतं. त्याचा विचार मात्र फार उशिरा केला.

आणि मग पाटी. दारावरची निळी पत्र्याची पाटी, तुम्ही पेंटरकडून लिहून घेतलेली: कच्चा कांदा, लसूण, हिंग, कापूर, कॉफी वर्ज्य. खानदेशात लसूण वर्ज्य! आत काकू भरताची वांगी भाजत असायच्या, ठेच्याला फोडणी बसली की बाहेर बसलेले पेशंट खोकायचे आणि पाटीकडे बघून हसायचे. तुम्ही स्वतः दुपारी भरताबरोबर कांद्याची पात खायचात. मी एकदा बघत राहिले तर म्हणालात, ‘‘मी कुठं पेशंट आहे?’’ आतून काकूंचा आवाज आला, ‘‘पेशंट मी आहे, यांच्या तोंडाच्या वासाची.’’ त्या दिवशी आपण तिघंही किती हसलो होतो.

पण त्याच पाटीवरून तुम्ही मला रागावलात तेही आठवतं. एका आईनं मला हळूच विचारलं, पोरगा लसणाच्या चटणीशिवाय जेवत नाही, काय करू. मी म्हटलं, द्या थोडी. तुम्ही ते ऐकलंत. सगळ्यांच्या देखत म्हणालात, ‘‘गुण आला नाही तर ती बाई औषधाला नावं ठेवेल. औषधाला तोंड नसतं. त्याची बाजू आपण घ्यायची असते.’’ मला रडू आलं होतं, आणि पटलंही होतं. म्हणूनच तुम्ही गेल्यावर काकूंनी ‘‘काय हवं ते ने’’ म्हटलं, तेव्हा मी बाटल्यांच्या कपाटाबरोबर ती पाटीही मागितली. धुळ्याच्या दवाखान्यात माझ्या नावाच्या पाटीआधी ती लागली. मुलाला गुण नाही म्हटलं की तुमच्यासारखाच पहिला प्रश्न माझ्याही तोंडी यायचा, ‘‘पथ्य पाळलं का?’’

या उन्हाळ्यात साक्रीकडच्या खेड्यातून एक आजी, तिची सून आणि नातू यायला लागले. मुलगा दुसरीत, डोळे सतत भिरभिरते, माझं बोलणं अर्धं ऐकायचा आणि उरलेलं पंख्याकडे पाठवून द्यायचा. गोड पोरगा. मी तासभर विचारलं, औषध निवडलं, पथ्य सांगितलं. आजीनं ते देवाचं असल्यासारखं धरलं. घरातला कांद्याचा डालगा शेजारी नेऊन ठेवला, लसणाच्या माळा उतरवल्या. घरातले पुरुष बिनफोडणीची भाजी बघून ताटावरून उठायला लागले. मुलात फरक पडेना. मग एका खेपेला आजी खुर्चीवर बसायच्या आधीच सुनेकडे बोट करून म्हणाली, ‘‘डॉक्टरबाई, औषधना गुण कसा येई? हाईच त्याले चोरीचोरी कांदा देस!’’

‘‘नही हो आत्या, मी नही दिधा,’’ सून म्हणाली. सवयीनं म्हणाली, पुष्कळदा म्हणून झालेलं वाक्य असावं तसं.

‘‘मंग कोन देस, मी? आखाजीले माहेर जाय, ते तठेच ऱ्हाय. पोऱ्या आठे ऱ्हाई.’’

नाना, आखाजी म्हणजे आपल्याकडे लेकीबाळींनी माहेरी येऊन झोके घ्यायचे दिवस. हिला त्याच सणाला मुलाशिवाय पाठवायचं आणि परत बोलवायचं नाही, असं ठरत होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. गयावया नव्हती त्या बघण्यात, नुसता थकवा होता, माझ्या ओळखीचा. आणि माझ्या तोंडाशी नेहमीचा प्रश्न आलेला होता. तो विचारला असता तर मी आजीच्या बाजूची साक्षीदार झाले असते. तिच्या डोक्यावरच्या भिंतीवर तुमची पाटी होती. मला पहिल्यांदाच कळलं की ती पाटी आजवर औषधाला सांभाळत आली, आणि त्यासाठी दर वेळी कुणीतरी बाई पुढे उभी केली जात होती.

मी म्हटलं, ‘‘आजी, गुण आला नाही तो माझ्या औषधाला. कांद्याचा काही संबंध नाही. सुनेचा तर मुळीच नाही.’’

डॉक्टरनं असं बोलायचं असतं हे आजीला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. मग ती एकदम चिडली, ‘‘मंग इतला दिन आमना कांदा कसाले बंद?’’ ‘‘माझं चुकलं,’’ मी म्हणाले. तेवढ्यात मुलानं, जो काही ऐकत नाही म्हणून आणला होता, नेमकं ऐकलं आणि विचारलं, ‘‘आते ठेचा खाऊ का?’’ सून हसली. तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. आजीनं हसू दाबायला तोंड फिरवलं, पण पदर हलला.

त्यांना मी मुलांच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली, पुढे मोठ्या शहरात तपासणी लागली तर तेही समजावलं. त्याच्या गुरुजींना निरोप धाडला की त्याला पुढे बसवा आणि दर थोड्या वेळानं काहीतरी काम सांगा, फळा पुसायचं, पाणी आणायचं. आखाजीला सून माहेरी गेली आणि मुलाला बरोबर घेऊन गेली. परतताना दोघं दवाखान्यात डोकावले. तो काही बदललेला नाही, नाना. खिडकीच्या गजांवर चढला होता. पण ती परत घरी चालली होती.

काकू अजून जळगावात आहेत, म्हणून हे पत्र टपालात टाकणार नाही. त्यांच्या हाती पडायला नको. तुम्ही दिलेलं मोडायचं मनात नव्हतं. मुलगा कोणत्या कुशीवर झोपतो, हे मी अजून विचारते. त्यावरून औषध ठरतं असं आता छातीठोकपणे म्हणवत नाही, पण तो प्रश्न ऐकला की आया पाठ सरळ करून बोलू लागतात, म्हणून विचारते. पाटी मात्र काल उतरवली. पेंटरनं तिच्यावर पांढऱ्या रंगाचे दोन हात मारले, तरी उजेडात खालचा ‘कांदा’ पुसट दिसत होता, म्हणून आज सकाळी तिसरा मारून घेतला. आता तिच्यावर फक्त दवाखान्याची वेळ आहे.